बिनपगारी भाची

आमच्या मॅडमच्या लोखंडी कपाटात दोन गोष्टी कुलपात असायच्या. एक परदेशी क्रीमची बाटली आणि दुसरी आमची सर्टिफिकेटं. बाटलीत कोपऱ्यावरच्या दुकानातलं साधं कोल्ड क्रीम भरलेलं असायचं, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं, कारण ते भरायचं काम माझ्याकडे आलं. सर्टिफिकेटं मात्र खरी होती. म्हणजे मॅडमनीच जवळच्या प्रेसमधून छापून आणली होती. भोवती सोनेरी वेलबुट्टी, वर मोर आणि खाली 'प्राचार्या' म्हणून त्यांनी स्वतःच सही करायची मोकळी जागा. त्या मोरापायी मी सांगलीत चौदा महिने काढले.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे पिठाच्या गिरण्यांपेक्षा जास्त वेगानं ब्यूटी पार्लरं निघत होती. मॅडमचं पार्लर विश्रामबागेत, त्यांच्याच बंगलीच्या माडीवर. पाटीवर वरच्या ओळीत पार्लर होतं आणि खालच्या ओळीत ट्रेनिंग सेंटर. वरच्या ओळीतलं काम खालच्या ओळीतल्या मुली फुकट करायच्या. फुकट तरी कसं म्हणू, कोर्सची फी आम्हीच आधी भरलेली होती. कामाला लागण्यासाठी कामगारानंच मालकिणीला पैसे द्यायचे, हा शोध कुणा कारखानदाराला लागला नव्हता, तो आमच्या मॅडमना लागला.

खालच्या ओळीत आम्ही दोघी होतो. मी लोणंदची, दुसरी आटपाडीची. राहायची सोय माडीवरच मागच्या खोलीत, त्यामुळे मॅडमची भांडी, त्यांच्या सासऱ्यांचा काढा आणि गच्चीवरचे पापडसुद्धा अभ्यासक्रमात आले. मॅडम आम्हाला नावानं हाक मारायच्या नाहीत. "ए लोणंद, वॅक्स गरम कर," "ए आटपाडी, टॉवेल धू," असं चालायचं. एस.टी.च्या कंडक्टरचा गळा त्यांना देवानं दिला होता. गिऱ्हाईक समोर असलं की मात्र आवाजात साखर यायची. "आमच्याकडे नोकर-मालक काही नाही हं, आम्ही सगळ्या घरच्याच," असं त्या प्रत्येक नव्या बाईला सांगायच्या. घरच्या माणसाला पगार द्यायचा नसतो, हे त्या बाईला आपोआप कळायचं.

कोर्स सहा महिन्यांचा होता. सहा महिने झाले आणि मी सर्टिफिकेट मागितलं, तर मॅडम म्हणाल्या, "अगं, ब्रायडल बाकी आहे ना तुझं." आठव्या महिन्यात विचारलं, तरी ब्रायडल बाकी. ते संपणार कसं? लग्नसराईत नवरी आली की मॅडम पडदा ओढून स्वतः आत जायच्या आणि आम्हाला नवरीच्या आईच्या, मावशीच्या आणि तीन आत्यांच्या भुवया कोरायला बसवायच्या. वर्ष उलटलं तोवर मी अर्ध्या सांगलीच्या आत्यांच्या भुवया कोरल्या होत्या, आणि नवरी म्हणाल तर तिच्या फक्त टाचा घासल्या होत्या.

कागदाची गरज मला होती, कारण वडिलांनी अट घातली होती. सर्टिफिकेट घेऊन ये, मग तुला पार्लर काढून देतो. नाहीतर या सराईनंतर मिळेल त्या स्थळाला उजवून टाकतो. वडील शब्दाचे पक्के, दोन्ही बाजूंनी. आटपाडीचीचं माझ्याहून अवघड होतं. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, नवऱ्यानं टाकलेली. नवरा मारायचा. भाऊ म्हणाला होता, हातात कागद घेऊन आलीस तर ओसरीवर खुर्ची मांडून धंदा कर, रिकाम्या हातानं आलीस तर परत सासरी सोडून येतो. ती हे एकदाच बोलली, टॉवेल पिळता पिळता. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आता आमच्या हातांबद्दल सांगते, कारण पुढे सगळं रामायण त्यांच्यामुळेच झालं. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातात आणि दुसरं बोटांत धरायचं. दिवसभरात तर्जनीवर चर पडायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच चरातून दोरा पुन्हा फिरायचा. वॅक्स आम्ही साखर आणि लिंबू आटवून घरीच करायचो, ते मनगटावर उडायचं. केसांना लावायच्या डायनं नखं मुळापासून काळी पडली होती. हातमोजे होते की. काचेच्या कपाटात, गिऱ्हाइकाला दिसतील असे ठेवलेले. ब्लीच आणि अमोनियाचा वास हाताला इतका चिकटला होता की मी भात चमच्यानं खायला लागले. आटपाडीची म्हणाली, "लय सायेब झालीस गं." ती हातानंच जेवायची. म्हणायची, वासानं भूक मरती, म्हंजे मॅडमचंच तांदूळ वाचत्यात.

चौदाव्या महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, दुकानं तपासणारे साहेब माडी चढून आले. बायकांच्या पार्लरमध्ये पुरुष! ब्लीच लावून बसलेल्या एका काकूंनी किंचाळून तोंडावर टॉवेल ओढला, तो नेमका वॅक्सचा होता, आणि पुढचा अर्धा तास मी तो त्यांच्या केसांतून सोडवत होते. साहेब बिचारे चपला दाराबाहेर काढून, छताकडे बघत उभे राहिले. त्यांनी बगलेतलं रजिस्टर काढलं आणि छताला विचारलं, "कामाला किती मुली आहेत?"

मॅडम क्षणभरही अडखळल्या नाहीत. "कामाला? अहो साहेब, या दोघी माझ्या भाच्या. सुटीला आल्यात, हौसेनं हात लावतात झालं."

आमच्याकडचा माणूस दुकान तपासायला आला तरी आधी पाहुणे तपासतो. साहेबांनी रजिस्टर मिटलं. "भाच्या? बहिणीच्या की भावाच्या?"

"भावाच्या," मॅडम म्हणाल्या. बहिणीच्या म्हणाल्या असत्या तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण त्यांना माहेरचा भारी अभिमान होता. "वाईच्या आम्ही."

"वाईच्या! म्हणजे कुठल्या आळीच्या?"

मग चहा आला. तो मीच केला आणि मीच आणून दिला. मॅडमच्या वडिलांचं नाव निघालं, चुलत्यांचं निघालं, साहेबांच्या कुठल्याशा मामांनी मॅडमच्या आजोबांकडून बैल घेतला होता हेही निघालं. पगारपत्रक, हजेरी, परवाना यांतलं काहीच निघालं नाही. जाताना साहेबांनी पहिल्यांदा छतावरून नजर खाली आणली आणि माझ्याकडे बघून मॅडमना विचारलं, "धाकटी करायची आहे का?"

चार दिवसांनी निरोप आला. साहेबांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा होता, घरची बागायती शेती, गोठा. बहीण रविवारी मुलगी बघायला येणार होती. आधी भावाबरोबर, मग जमलं तर मुलगा.

मॅडमची पुरती गोची झाली. नाही म्हणावं तर साहेब दुखावणार आणि दुखावलेला साहेब रजिस्टर उघडणार. हो म्हणावं तर नसलेल्या भावाची नसलेली मुलगी द्यायची कुठून? दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तोडगा सापडला. मला आत बोलावून, दार लावून म्हणाल्या, "बाळ, तू फक्त नापसंत पड."

चौदा महिन्यांत मला बाळ म्हणण्याची ही पहिलीच वेळ. मी लगेच ओळखलं की आता दोरी माझ्या हातात आहे. म्हटलं, "पडते. पण सर्टिफिकेट पाहिजे. दोघींचं."

"तुझं देते. रविवारी संध्याकाळी सही करून देते, देवाशपथ. तिचं ब्रायडल बाकी आहे."

माझंही बाकीच होतं. मला तेव्हा म्हणता आलं असतं, दोघींचं द्या नाहीतर मी साहेबांना सगळं सांगते. मी म्हणाले, "बरं." बाहेर आटपाडीची टॉवेलांच्या घड्या घालत होती. दाराला कान लावायची तिला गरज नव्हती, दार प्लायवुडचं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही तिच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी सकाळी मला एकदाचं ब्रायडल शिकायला मिळालं, उलट्या बाजूनं. मॅडमनी स्वतः माझा मेकअप केला. माझ्या रंगाहून दोन छटा गडद फाउंडेशन, तेही मानेपर्यंत न नेता हनुवटीवर सोडून दिलेलं. भुवया महिनाभर वाढलेल्या, त्या तशाच. केसांना चपचपीत तेल लावून मधोमध भांग. मोरपंखी पातळावर गुलाबी ब्लाउज. काम करताना बाईंचा हात असा काही फिरत होता की काय सांगू, कलाकार होत्या, त्यात वाद नाही. आरशात मला माझीच एक आजारी चुलती दिसली. शेवटी त्यांनी माझे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि चेहरा उजळला. "याला काहीच करायला नको गं," त्या म्हणाल्या, "हे असेच दाखव."

चौदा महिन्यांत माझ्या हातांकडे त्यांनी पहिल्यांदा बघितलं, ते असं.

साहेब आणि त्यांची आक्का अकरा वाजता आले. आक्का म्हणजे ऐसपैस, नऊवारीतली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, बोलायला एकदम थेट. पोहे आटपाडीचीनं केले होते. मी ताटल्या घेऊन गेले, ठरल्याप्रमाणे थोडे पोहे सांडले, नमस्कार करताना डोकं टेबलाला आपटून घेतलं. शिक्षण विचारलं तर तोंड वासून बसले. मॅडम मध्येच हळहळल्यासारखं म्हणाल्या, "जरा मंदच आहे हो आमची." सगळं कसं छान चाललं होतं. आक्कांचं माझ्या तोंडाकडे लक्षच नव्हतं.

"हिकडं ये गं," त्या म्हणाल्या. मी जवळ गेले. त्यांनी माझे दोन्ही हात पुढे ओढले, पालथे केले, नखं पाहिली, तर्जनीवरच्या चरावरून अंगठा फिरवला, मनगटावरचे डाग मोजल्यासारखे बघितले आणि मग वास घेतला. म्हैस घेताना तिचे दात बघतात ना, तसं. मॅडमच्या चेहऱ्यावर आशा दिसत होती.

"आत्याच्या घरात ऱ्हाऊन ह्यो हात?" आक्का म्हणाल्या. "कवाधरनं हाईस हितं?"

"चौदा महिने," मी म्हटलं. सुटीला आलेली भाची हे मी विसरले, साहेबांनी मात्र पोह्यांतून मान वर केली.

"चौदा महिनं राबतीया, आन् तोंडातनं एक शबूद न्हाई?" आक्का मॅडमकडे वळल्या. मला वाटलं, आता फटकारणार. त्यांचे डोळे चमकत होते. "आवं, आशीच पायजे आमास्नी! गोठ्यात बारा म्हशी हाईत. थोरल्या सूनबाईनं आठ दिसांत रडून गाव गोळा केला. ही पोरगी पसंत हाय. रूप काय, आज हाय उद्या न्हाई."

मॅडमनी सोफ्याचा हात घट्ट धरला. मी आजवर स्वतःला बिचारी समजत होते, अन्याय सोसणारी वगैरे. आणि इथे एक बाई माझ्या सोसण्याला गुण म्हणत होती, तेही मनापासून. तिचंही चूक नव्हतं, तिला तेच पाहिजे होतं आणि तेच समोर होतं. मला मॅडमचा राग आला त्याहून जास्त माझा आला, आणि तो तोंडातून बाहेर पडला.

"मी यांची भाची नाही," मी म्हणाले. "मी वाईची नाही, लोणंदची. मी इथं कामाला आहे."

आक्कांनी माझा हात सोडला नाही. "कामाला? मग पगार किती घेतीस?"

"पगार नाही."

"न्हाई म्हंजे?"

"म्हणजे नाही. फी आम्हीच भरलीय."

हे समजायला आक्कांना जरा वेळ लागला. आयुष्यभर सुना राबवलेल्या बाईला बिनपगारी काम नवीन नव्हतं, पण वर फी घ्यायची युक्ती त्यांनाही सुचली नव्हती. मग त्या भावाकडे वळल्या. "तू हेच तपासायचा पगार घेतूस न्हवं का रं? मग हितं येऊन काय तपासलंस? च्या?"

"आक्का, आज रविवार आहे," साहेब म्हणाले.

मॅडमनी त्या संध्याकाळी कपाट उघडलं नाही. देवाशपथ गेली देवाकडे. माझी ट्रंक जिन्यात आली आणि मला सांगण्यात आलं की सकाळी निघायचं. 'घरच्या माणसा'ला काढून टाकायला नोटीस लागत नाही.

सोमवारी सकाळी मी ट्रंक उचलतच होते तेवढ्यात साहेब रजिस्टर घेऊन जिना चढले. कायद्याचं प्रेम उफाळून आलं होतं असं नव्हे, बहिणीनं घरी जाईपर्यंत सोललं असणार. माझ्याकडे न बघता ते वर गेले. मी जिन्यातच थांबले. मला वाटलं, आता झालं. मी सांगितलंय, आता आटपाडीची सांगेल, दोघींचं म्हटल्यावर मॅडम कुठे पळतील?

वरून साहेबांचा आवाज आला. "बाई, खरं सांगायचं. तुम्ही इथे कामाला आहात का?"

"न्हाई सायेब," आटपाडीची म्हणाली. "आत्या हाय ती माजी."

तिच्या त्या बोलीवर वाईची भाची ही थाप मॅडमच्या सासऱ्यांनासुद्धा पटली नसती. साहेबांना पटली. त्यांनी लिहून घेतलं, सुटल्यासारखे भराभर जिना उतरले आणि स्कूटरला किक मारून गेले.

ती कचऱ्याची बादली घेऊन खाली आली तेव्हा मी तिच्यावर ओरडले. काय वाटेल ते बोलले, लाज नाही वाटत का इथपर्यंत. तिनं बादली खाली ठेवली आणि ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुज्या बापानं तुला घरात घेतलं न्हाई असं व्हईल का?"

मी ट्रंकेचं कुलूप उगाच ओढून पाहिलं.

"शिव्या घालंल, लगीन लावीन म्हणंल, पर ताट वाढंल का न्हाई? मला माजा भाऊ सासरच्या दारात सोडून यील. तितनं मी जित्ती येणार न्हाई, तुला ठाव हाय." तिनं बादली उचलली. "आन् परवा तू माजं मागितलंस, बाईनं न्हाई म्हणल्यावर गप बसलीस. मी काय बोलले का तुला?"

ती बोलली नव्हती. मी ट्रंक घेऊन स्टेशनवर गेले आणि लोणंदपर्यंत गाडीत खिडकीकडे तोंड करून रडले. वडिलांनी शिव्या घातल्या, लग्न लावतो म्हणाले आणि ताट वाढायला सांगितलं.

लग्नाचं मी टाळत राहिले. घरीच खुर्ची मांडून गल्लीतल्या बायकांच्या भुवया करायला लागले. पुढे साताऱ्यात एक खोली घेतली, वर पाटी लावली. सर्टिफिकेट नाही म्हणून पहिले दोन महिने मी धसका घेऊन होते, कुणी मागितलं तर काय सांगायचं याचं उत्तर पाठ केलेलं होतं. कुणीही मागितलं नाही. बायका यायच्या, खुर्चीत बसायच्या, मान मागे टाकायच्या, आणि दुखलं नाही तर पुन्हा यायच्या.

तीनेक वर्षांनी एका लग्नाच्या निमित्तानं आटपाडीला गेले तेव्हा तिचं घर शोधत गेले. जायचं की नाही यात आधी दोन दिवस घालवले होते. ओसरीवर पत्र्याचा आडोसा, खुर्ची, आरसा. ती अंगानं भरली होती. मला बघून हसली आणि नंबर लावून बसलेल्या दोन बायकांना म्हणाली, "उटा, माजी पावनी आलीया." तिला सर्टिफिकेट मी गेल्यावर आणखी दहा महिन्यांनी मिळालं होतं. त्या दहा महिन्यांत ती दोघींचं काम एकटी करत होती, हे तिनं सांगितलं नाही, पण मला हिशेब येतो.

सर्टिफिकेट आरशाच्या बरोबर समोरच्या भिंतीवर होतं. चांगली जाड फ्रेम, काच, आत मोर.

मी विचारलं, "कुणी मागतं का गं हे बघायला?"

"एक बी न्हाई. भावानं बी वाचलं न्हाई, नुसता मोर बघितला."

"मग कशाला लावलंस? काढून टाक की. माझ्याकडे नाहीच आहे, काही अडत नाही."

ती माझ्या भुवया बघत होती. मला खुर्चीत बसवलं, दोऱ्याचं टोक दातात धरलं, मग पुन्हा काढलं, कारण बोलायचं होतं.

"दोन वरसं मी त्येच्याकडं बघत बसले," ती म्हणाली. "आता बसू दे त्येला माज्याकडं बघत."